धुऱ्यावरची तासे

पवित्र शास्त्राच्या पहिल्या अध्यायात युद्ध नाही. त्या काळी बाबेलमध्ये सृष्टीची जी कथा सांगितली जात असे, तिच्यात मर्दूक नावाचा देव समुद्ररूपी तियामतेला ठार मारतो आणि तिच्या देहाचे दोन भाग करून आकाश व पृथ्वी घडवतो. जगाचा पायाच तेथे एका प्रेतावर रचलेला आहे. उत्पत्तीच्या पुस्तकाच्या या पहिल्या अध्यायात कोणी मारले जात नाही. अंधार आहे, खोल पाणी आहे, आकार नसलेली ओसाड पृथ्वी आहे, आणि देव यांतल्या कशाचाही नायनाट करत नाही. तो प्रकाश वेगळा करतो आणि अंधारालाही रात्र हे नाव देऊन दिवसाच्या शेजारी जागा देतो. पाणी एका ठिकाणी जमा करतो आणि कोरडी भूमी वर येऊ देतो. पुढे ईयोबाच्या पुस्तकाच्या ३८व्या अध्यायात तोच देव वादळातून बोलताना सांगतो की समुद्राला मी दारे आणि अडसर लावले आणि तू येथवर येशील, यापलीकडे नाही, असे त्याच्या लाटांना बजावले. समुद्र तसाच खवळणारा राहिला. त्याला फक्त हद्द मिळाली.

देवाची व्यवस्था म्हणजे काय, याचा विचार करताना मला हे पुन्हा पुन्हा महत्त्वाचे वाटत आले आहे, कारण आपण व्यवस्था म्हटले की बहुधा सफाई समजतो: नको ते सारे काढून टाकलेले, एकसारखे, कोठेही मोकळी जागा न उरलेले. सहा दिवसांच्या निर्मितीनंतर सातवा दिवस रिकामा ठेवणाऱ्या देवाला ही कल्पना मान्य असेल, असे मला वाटत नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याच्या बाजूच्या एका खेड्यात राहतो. शाळेत शिकवून निवृत्त झालो, आणि ज्या रविवारी पाळकसाहेबांना आमच्या लहानशा मंडळीत येणे जमत नाही त्या रविवारी उपदेश माझ्याकडे असतो. ऐकणारे बहुतेक सगळे कापूसवाले आहेत, त्यामुळे हद्द म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावे लागत नाही. आमच्याकडे वावराला धुरा, म्हणजे बांध, असतो. त्यावर बाभूळ, बोर, पळस, कडुनिंब उभे असतात; निंदून काढलेले गवत तेथे पडते, नांगराला लागलेले दगड तेथे रचले जातात, ढोरांना जायला आणि बाया-माणसांना शिदोरी खायला तीच जागा असते. धुऱ्यावर पीक घेता येत नाही म्हणून तो वाया गेलेला वाटतो, आणि म्हणूनच दरवर्षी वखर थोडा अधिक आत घालून तो कोरला जातो. शेजाऱ्याची मेर, म्हणजे हद्द, सरकवणारा शापित असो, असे अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या २७व्या अध्यायात सगळ्या लोकांनी आमेन म्हणून मान्य करायचे आहे. तालुक्याच्या कोर्टात धुऱ्याचे दावे बापाकडून मुलाकडे जाताना ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हा शाप इतक्या गंभीरपणे का उच्चारला गेला ते कळेल.

शास्त्र धुऱ्याविषयी आणखी एक गोष्ट सांगते, आणि ती मेरेच्या आज्ञेपेक्षाही विलक्षण आहे. लेवीय नावाच्या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात आणि पुन्हा २३व्या अध्यायात आज्ञा आहे की कापणी करताना शेताच्या कडा अगदी शेवटापर्यंत कापू नका आणि पडलेला सरवा वेचू नका. तो गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. मवाबातून आलेली विधवा रूथ बेथलेहेमात बवाजाच्या शेतात याच आज्ञेच्या आधाराने शिरली, आणि तिच्या वंशात दावीद आणि पुढे प्रभू येशू जन्माला आला. कडा किती सोडायची याचे माप शास्त्रात दिलेले नाही. नंतरच्या यहुदी शास्त्र्यांनी मिश्ना या आपल्या नियमसंग्रहात त्याची चर्चा केली तेव्हा त्यांनीही प्रथम हेच म्हटले की याला माप नाही, आणि मग एवढेच सांगितले की ती साठाव्या भागाहून कमी नसावी. म्हणजे ज्या देवाने समुद्राला हद्द घातली त्याने शेतकऱ्याच्या मालकीलाही हद्द घातली, आणि ती अशा जागी घातली की तेथे मालक नसलेल्या माणसाला उभे राहता यावे.

आमच्या जिल्ह्यात २०१७ साली कापसावर गुलाबी बोंडअळीचे जे संकट आले ते याच कडेवरून आत आले, असे माझे मत आहे. ते नीट समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

बीटी कापसाला आपल्याकडे २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले. मातीतल्या एका जिवाणूच्या अंगचे, ठरावीक अळ्यांना मारक असलेले प्रथिन या पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, पानात, पात्यात आणि बोंडात तयार होते. त्या बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचे एक लहान पाकीट मिळत असे. त्यात साधे बियाणे असे, आणि नियम असा होता की ते वावराच्या चारही बाजूंनी धुऱ्यालगत पाच तासे, म्हणजे ओळी, किंवा एकूण क्षेत्राच्या २० टक्के, यांपैकी जे अधिक भरेल तेवढे लावायचे. कागदोपत्री त्याला आश्रय पीक म्हणत. गावात सगळे नॉन-बीटीचे पाकीटच म्हणत. या तासांवर अळी पडू द्यायची असते. ती तेथे जगावी, यासाठीच ती लावायची असतात.

हे ऐकायला उलटे वाटते, पण त्यामागचे कारण साधे आहे. असंख्य अळ्यांमध्ये एखादी जन्मतःच अशी असते की त्या प्रथिनाने ती मरत नाही. चहूकडे बीटीच असेल तर बाकीच्या सगळ्या मरतात आणि अशा तेवढ्या उरतात; त्यांचे पतंग एकमेकांशीच जुळतात आणि पुढच्या पिढ्या न मरणाऱ्या निपजत जातात. धुऱ्यालगत साधी पऱ्हाटी असेल तर तिच्यावर साध्या अळ्या पोसल्या जातात, त्यांचे पतंग संख्येने कितीतरी अधिक असतात, आणि क्वचित उरलेल्या न मरणाऱ्या पतंगाची गाठ त्यांच्याशीच पडते. त्या जोडीची संतती बीटीवर पुन्हा मरते. हिरवी बोंडअळी तुरीवर आणि हरभऱ्यावरही जगते, म्हणून तिच्या बाबतीत असा आश्रय आपोआप मिळत होता. गुलाबी बोंडअळी जवळजवळ कापसावरच जगते. तिला आश्रय द्यायचा तर तो मुद्दाम पेरावा लागतो, आणि तो पेरला गेला नाही.

नॉन-बीटीची पाकिटे धुऱ्यावर फेकलेली मी स्वतः पाहिली आहेत. त्यातले बी नीट उगवत नाही, अशीही तक्रार सगळीकडे होती. ज्याची शेतीच तीन-चार एकरांची आणि पेरणी कर्जाच्या पैशांतून, त्याने अळीच्या तोंडी देण्यासाठी पाच तासे राखावीत, ही अपेक्षा त्याच्याकडून कोणत्या तोंडाने करायची, हा प्रश्न मला आजही छळतो. तो नियम केवळ पाकिटावर छापून मोकळे होणाऱ्यांनी त्या पाच तासांची भरपाई कोणी करायची हे कधी सांगितले नाही. पुढे दोन्ही प्रकारचे बी एकाच पाकिटात मिसळून देण्याची पद्धत आली, पण तोवर फार उशीर झाला होता.

२०१७ च्या हंगामात विदर्भाच्या कापूसपट्ट्यात गुलाबी अळी उठली. फुले पाकळ्या मिटून डोमकळ्या झाली. बोंडे बाहेरून शाबूत दिसत, कारण लहान अळी आत शिरल्यावर तिचे छिद्र बुजून जाते. फोडल्यावर मात्र आत सरकी कोरलेली, रुई पिवळी पडलेली आणि पाकळीची कवडी, म्हणजे चिकटून कडक झालेला खराब कापूस, झालेली असे. त्याच पावसाळ्यात माणसाच्या उंचीएवढ्या वाढलेल्या पऱ्हाटीत फवारणी करताना यवतमाळ जिल्ह्यात शेकडो लोकांना विषबाधा झाली आणि सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर मरण पावले. त्या वर्षी आमच्या मंडळीच्या कापणीच्या सणाला वेदीपुढे जो कापूस आला त्यात कवडी होती, आणि आणणाऱ्यांनी ती वेचून बाजूला काढलेली नव्हती. मला ते योग्य वाटले. त्या दिवशी हबक्कूकाचा तिसरा अध्याय वाचला गेला: अंजीर फुलला नाही, शेतांनी अन्न दिले नाही, वाड्यांत कळप उरला नाही, तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन. वाचणाऱ्याचा आवाज शेवटच्या ओळीला अडखळला आणि कोणी पुढचे गीत लगेच सुरू केले नाही.

हीच अळी अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातही होती आणि तेथेही कापूस बीटीच होता. तेथील शेतकऱ्यांनी सुरुवातीची दहा वर्षे आश्रय पीक नियमाप्रमाणे राखले, अळी बीटीला मरत राहिली, आणि पुढे वांझ केलेले पतंग सोडण्याची मोहीम घेऊन २०१८ मध्ये अमेरिकेने आपल्या कापूसपट्ट्यातून तिचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. कीटक तोच, बीजही त्याच जातीचे. फरक कडेवरच्या जागेचा होता. तेथे शेते मोठी होती आणि शेतकऱ्याच्या पाठीशी बळ होते, हेही मी विसरत नाही.

म्हणून मला गुलाबी अळीला सैतानाचा प्राणी म्हणता येत नाही. हिप्पोचा धर्माध्यक्ष ऑगस्टीन याने शिकवले की वाईटाला स्वतःचे अस्तित्व नसते. चांगल्या वस्तूत जे कमी होते, बिघडते, त्याला आपण वाईट म्हणतो. हे तो निवांत काळात बसून लिहीत नव्हता. ४१० साली रोम लुटले गेल्याचे त्याने ऐकले, आणि ४३० साली तो मरण पावला तेव्हा त्याच्या स्वतःच्या नगराला व्हँडल सैन्याचा वेढा पडलेला होता. अळी देवाने केलेली आहे, तिला तिची हद्द होती आणि तिच्या वाट्याची थोडी पाने होती. आपण तिची जागा पूर्णपणे काढून घेतली तेव्हा तिच्यातली तीच उरली जिला कोणतीही हद्द नव्हती. सैतान आहे, यावर माझा विश्वास आहे. परंतु मत्तयाच्या १३व्या अध्यायात तो रात्री येऊन निदण पेरतो तेव्हाही ते बी त्याने निर्माण केलेले नसते. आणि त्या दृष्टांतातला धनी काय म्हणतो ते पाहा. चाकर निदण उपटायला निघालेले असतात. तो म्हणतो, कापणीपर्यंत दोन्ही बरोबर वाढू द्या, नाहीतर निदणाबरोबर गहूही उपटाल. लहानपणी मला हा धनी ढिला वाटत असे, कारण निंदणाला चार दिवस उशीर झाला तर काय होते ते आमच्या घरी माहीत होते. आता वाटते की जगातल्या पुष्कळ विनाशाचा उगम त्या चाकरांच्या उत्साहात आहे, ज्यांना सगळे एकदाच आणि समूळ साफ करायचे असते.

कडेसारखीच गोष्ट विसाव्याची. लेवीयाचा २५वा अध्याय जमिनीला सातव्या वर्षी शब्बाथ देतो. आमच्याकडे डिसेंबरनंतर ज्याच्या विहिरीला पाणी असेल तो पऱ्हाटी उपटत नाही, एखादे पाणी देऊन फरदड घेतो, आणखी एक-दोन वेच्यांत थोडा पैसा मिळतो. वावर रिकामे झाले असते तर अळीचे जीवनचक्र तुटले असते. फरदडीमुळे तिला उन्हाळ्यापर्यंत खायला मिळते आणि ती पुढच्या हंगामात पोहोचते. कृषी विद्यापीठाची माणसे हे दरवर्षी सांगतात. यहूदाचा नाश होऊन लोक बंदिवासात गेले तेव्हा इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकाने त्याचा अर्थ असा लावला की न दिले गेलेले शब्बाथ देशाने ओसाड राहून भरून घेतले. हे वाक्य मी कोणत्याही शेतकऱ्याच्या दारात जाऊन बोलणार नाही. ज्याने फरदड घेतली त्याने ती हौसेने घेतलेली नसते. सावकाराचा किंवा कृषी केंद्राचा हप्ता मार्चमध्ये येतो. त्याच २५व्या अध्यायात पन्नासाव्या वर्षी जमीन मूळ कुळाला परत द्यायची आज्ञा आहे, अनुवादाच्या १५व्या अध्यायात सातव्या वर्षी कर्ज सोडायची आहे, आणि यशया घराला घर व शेताला शेत जोडत जाणाऱ्यांवर हाय हाय म्हणतो. शब्बाथाची आज्ञा कर्जमाफीच्या आज्ञेपासून वेगळी काढून फक्त गरिबाला ऐकवणे, हासुद्धा मेर सरकवण्याचाच प्रकार आहे.

यिर्मया संदेष्ट्याला एकदा दिसले की पृथ्वी पुन्हा आकारहीन आणि शून्य झाली आहे, आकाशात प्रकाश नाही, पक्षी उडून गेले आहेत, सुपीक भूमी रान झाली आहे. निर्मिती जणू उलट्या क्रमाने मागे चालली आहे. हे त्याने येरुशलेमेच्या पतनापूर्वी पाहिले, आणि त्या अध्यायांत तो अन्यायाविषयीच बोलत आहे. तरी मी येथे थांबू इच्छितो, कारण हा विचार एका पायरीपुढे गेला की क्रूर होतो.

सगळा विनाश माणसाने कड कोरल्याने होत नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर गारपीट झाली. आमच्याकडे उभा गहू आणि हरभरा आडवा झाला, संत्र्याच्या बागांत फळांचा सडा पडला. त्या गारांनी कोणाचा धुरा कोरलेला आणि कोणाचा राखलेला, हे पाहिले नाही. देव आपला सूर्य वाइटांवर आणि चांगल्यांवर उगवतो आणि पाऊस नीतिमानांवर व अनीतिमानांवर पाडतो, असे प्रभूने सांगितले, आणि हे वाक्य दोन्ही बाजूंनी खरे आहे. ईयोबाला देवाने त्याच्या दुःखाचे कारण सांगितलेच नाही. जेथे माणूस राहत नाही अशा ओसाड भूमीवरही मी पाऊस पाडतो, असे त्याने सांगितले, आणि ईयोबाच्या मित्रांना, ज्यांच्याकडे प्रत्येक संकटाचा हिशेब तयार होता, त्याने दोषी ठरवले. देवाच्या व्यवस्थेचा सगळा नकाशा आपल्या हाती आहे असे मानणे, हे मला त्या व्यवस्थेविरुद्धचे मोठे पाप वाटते.

पंडिता रमाबाईंचे आईवडील १८७४ मध्ये मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात अन्नावाचून गेले. पुढे १८९६-९७ चा दुष्काळ मध्य प्रांतात पडला तेव्हा त्या स्वतः तेथे आल्या आणि निराधार मुली व बालविधवा यांना घेऊन केडगावला गेल्या. मुक्ती मिशन उभे राहिले ते त्यातून. त्या मुलींना दुष्काळाचे कारण समजावून सांगण्यापेक्षा त्यांना ताट, अंथरूण आणि अक्षर मिळणे आधी, हे त्यांनी ओळखले होते. विनाशाला ख्रिस्ती माणसाने उत्तर द्यायचे ते कोणत्या क्रमाने, हे मी त्यांच्याकडून शिकलो.

आणि ख्रिस्त स्वतः कोठे आहे, हा प्रश्न राहतोच. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे की येशूने वेशीबाहेर दुःख सोसले. नगराच्या आत, वेदीजवळ त्याला मारले नाही. जेथे केरकचरा आणि टाकाऊ माणसे जातात त्या कडेवर त्याला खिळले. वावर वाचावे म्हणून धुऱ्यावरची पाच तासे अळीच्या तोंडी जातात, तसे तेथे काहीतरी घडले, असे मी एकदा उपदेशात म्हटले होते, आणि ही तुलना फार ताणू नये हे मला कळते, कारण त्या तासांना कोणी विचारलेले नसते आणि तो मात्र स्वतः होऊन गेला. परंतु देवाची व्यवस्था जेथे आपण सर्वात कमी शोधतो तेथे, सुटलेल्या कडेवर, स्वतःला सोसायला लावून उभी राहते, हे ऐकून आमची मंडळी त्या दिवशी जितकी शांत बसली तितकी मी तिला क्वचित पाहिली आहे. सर्व काही त्याच्या ठायी एकत्र राहते, असे पौल कलस्सैकरांस लिहितो. एकत्र राहते म्हणजे फुटत नाही असे नव्हे. रोमकरांस तोच लिहितो की सारी सृष्टी आजवर कण्हत आहे, वेणा देत आहे.

फवारणीहून आलेला तरणा मुलगा दवाखान्यातून परत आला नाही, अशा एका घरी मी नंतर बरेचदा जात असे. त्या घरातल्या म्हाताऱ्या बाईने मला विचारले, “गुरुजी, आमच्याच हातून असं कोनतं पाप झालं होतं जी?” शेजारचे कोणीतरी तिला देवाची इच्छा म्हणून सांगून गेले होते. मी तिला लूकाचा १३वा अध्याय वाचून दाखवला. पिलाताने काही गालीलकरांचे रक्त त्यांच्याच यज्ञबलीत मिसळले, आणि शिलोहातला बुरूज पडून अठरा माणसे मेली. ती इतरांहून अधिक पापी होती असे तुम्हांस वाटते काय, असे प्रभू विचारतो आणि स्वतःच उत्तर देतो, नाही. त्यांतला एक दोष राजसत्तेचा होता आणि दुसरा कदाचित बांधकामाचा, आणि दोन्हींपैकी कोणताही मेलेल्यांच्या माथी तो मारू देत नाही. पश्चात्ताप करा, असे तो ऐकायला आलेल्यांना, जिवंत असलेल्यांना म्हणतो.

मग लगेच, त्याच श्वासात, अंजिराच्या झाडाचा दृष्टांत येतो. मालक तीन वर्षे फळ पाहायला येतो आणि म्हणतो, तोडून टाक, जागा कशाला अडवते. माळी म्हणतो, महाराज, एवढे एक वर्ष राहू द्या, मी त्याच्याभोवती खणून खत घालतो. बाईने विचारले की मग त्या झाडाला फळ आले का. ते लिहिलेले नाही, मी म्हटले. मालक हो म्हणाला की नाही, हेही लिहिलेले नाही. ती बराच वेळ विचार करत होती. तिच्या घरी दोन एकर वावर, एक सून आणि शाळेत जाणारा एक नातू उरला आहे, आणि खताचे भाव तिला माझ्याहून चांगले माहीत आहेत. “खत कोनाचं जी?” तिने विचारले. “मालकाचं का माळ्याचं?”

मी तिला सांगितले की शास्त्रात ते सांगितलेले नाही, पण माझ्या समजुतीप्रमाणे ते माळ्यानेच आणले असावे, कारण त्या झाडासाठी शब्द टाकणारा तोच एकटा होता.